आधी काळा, मग बाकीचे रंग

माझ्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, जास्वंदीचं फूल आहे. रेषा काळ्या, पाकळ्या लाल, पानं हिरवी, मधला तुरा पिवळा आणि पाकळ्यांच्या कडेला जराशी पांढरी झळाळी. सगळे रंग एकाच बैठकीत भरलेले. आज काळी रेषा शाबूत आहे, हिरवा किंचित विटलाय, पिवळा शोधावा लागतो आणि पांढरा कुठे होता हे मलाच सांगावं लागतं. लालातल्या दोन पाकळ्या डॉक्टरांनी कापून काढल्या, तिथे आता टाक्यांचा वण आहे. त्यामुळे घरातली भाचरं मोबाइलवर टॅटूचं डिझाइन दाखवायला आली, की माझा पहिला प्रश्न रंगाचा असतो.

लालाचं दुखणं लगेच सुरू झालं नाही, हे आधी सांगायला हवं. खपल्या वेळेवर पडल्या, फूल झकास उठून दिसायला लागलं, चार लोकांनी कौतुक केलं. नंतर कित्येक महिन्यांनी अंघोळ झाल्यावर टॉवेल लागला की तिथे खाज यायला लागली. मग पाकळ्या हाताला जाणवायला लागल्या. डोळे मिटून बोट फिरवलं तरी फुलाचा आकार कळे. काळ्या रेषेपर्यंत कातडी सपाट, रेषेच्या आत लाल तेवढा फुगलेला. दुपारी स्कूटरवरून घरी येईपर्यंत हात तापायचा आणि खाज नको नको व्हायची. घरच्यांचं निदान ठरलेलं होतं, अंगात उष्णता वाढलीय. कोरफड लावून झाली, खोबरेल लावून झालं, सब्जाही पिऊन झाला.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हात उजेडात धरला आणि विचारलं, “फक्त लालच फुगलाय ना? मग हे इन्फेक्शन नाही. जंतू रंग बघून धरत नाहीत.” कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला गेला आणि लाल शाईची अ‍ॅलर्जी आहे हे पक्कं झालं. टॅटूच्या अ‍ॅलर्जीत सगळ्यात जास्त नाव लालाचंच येतं, हे मला तेव्हा कळलं.

पूर्वी लाल रंगासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं संयुग, वापरत. आता बहुतेक लाल, नारिंगी आणि पिवळे रंग अ‍ॅझो जातीचे, कारखान्यात तयार झालेले असतात. शाईचे कण कातडीच्या आतल्या थरात वर्षानुवर्षं पडून राहतात. उन्हानं ते हळूहळू फुटतात, त्यातून नवी द्रव्यं तयार होतात आणि शरीर त्यांनाच शत्रू समजू शकतं. म्हणून त्रास महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्‌भवतो. पाठीवर पट्ट्या चिकटवून करतात ती पॅच टेस्ट म्हणूनच इथे फारशी कामाला येत नाही. माझीही निगेटिव्ह आली होती. टॅटू काढण्याआधी शाईचा एक ठिपका टोचून बघण्याचा सल्ला देतात. लगेच त्रास झाला तर तो धोक्याचा इशारा नक्की समजावा, पण ठिपका शांत राहिला म्हणून पुढे काही होणार नाही अशी खात्री नाही.

औषधांचं म्हणाल तर आधी स्टेरॉइडचं मलम, मग थेट गाठीत स्टेरॉइडची इंजेक्शनं. पाकळ्या बसायच्या आणि पुन्हा उठायच्या. “लेझरनं काढून टाका ना,” असं मी म्हटल्यावर डॉक्टरांनी साफ नकार दिला. लेझरनं शाईचे कण फुटून मोकळे होतात आणि ज्याला त्या शाईचीच अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या अंगभर पुरळ उठू शकतं. शेवटी सगळ्यात जास्त फुगलेल्या पाकळ्या कापाव्या लागल्या. लालात नेमकं काय होतं, हे विचारायला मी स्टुडिओत गेले, तेव्हा बाटली संपून कचऱ्यात गेली होती.

म्हणून पहिली सूचना. सुई लागायच्या आधी प्रत्येक बाटलीच्या लेबलचा फोटो काढा. त्यावर कंपनी, बॅच नंबर, मुदत आणि रंगद्रव्याचा सी. आय. क्रमांक दिसायला हवा. काळ्या कार्बनचा ७७२६६, पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचा ७७८९१, असे हे क्रमांक जगभर सारखे असतात. लेबल नसलेल्या किंवा दुसरीकडून ओतून घेतलेल्या शाईला नाही म्हणा. ‘व्हीगन’ लिहिलं असेल तर त्यात प्राण्यांपासून काढलेलं काही नाही एवढाच अर्थ घ्या, अ‍ॅलर्जीशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेच्या एफडीएनं कातडीत टोचण्यासाठी एकाही रंगद्रव्याला मान्यता दिलेली नाही. युरोपीय संघानं ४ जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली. निळ्या आणि हिरव्या शायांत सर्रास असणाऱ्या दोन रंगद्रव्यांना वर्षभराची सवलत होती, तीही जानेवारी २०२३ मध्ये संपली. एवढी छाननी जिथे होते, तिथेही शाई निर्धोक आहे असं कुणी लिहून देत नाही.

दुसरी सूचना, आपल्या अंगाचा जुना हिशेब तपासा. खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात का? मग निकेलचं वावडं असू शकतं आणि रंगीत शाईत निकेलचा अंश सापडतो. सिमेंटच्या कामानं हाताला इसब झालं असेल तर क्रोमियमचा संशय घ्या. काही हिरव्या रंगांत ते असतं. काही निळ्यांत कोबाल्ट असतं. लग्नात किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर काढलेल्या ‘काळ्या मेंदी’नं फोड आले असतील तर तो पीपीडीचा प्रताप. तेच रसायन केसांच्या कलपात असतं, म्हणून पुढे कलपही जपूनच लावावा लागतो. यातलं काहीही असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना भेटा. जखमेचा वण जाड होऊन वाढत जाण्याची सवय असलेल्यांनी तर कुठलाच रंग टोचून घेऊ नये हे बरं.

आता विटण्याबद्दल. आपल्या कातडीचा सावळेपणा वरच्या थरात असतो आणि शाई त्याच्या खाली. म्हणजे रंग कोऱ्या चहाच्या ग्लासाआडून बघावा तसा दिसतो. पिवळा मळकट वाटतो, पांढरा जुन्या वणासारखा होतो, फिके रंग हरवतात. गडद निळा, गडद हिरवा, गर्द लाल आणि काळा त्यातूनही दिसतात. इन्स्टाग्रामवरचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीवरचे आणि नुकत्याच काढलेल्या टॅटूचे असतात. कलाकाराकडे आपल्यासारख्या वर्णावरचे, वर्ष-दोन वर्षं जुने झालेले फोटो मागा. ते दाखवायला त्याने टाळाटाळ केली तर दुसरा कलाकार शोधा.

काळ्याचं टिकणं माझ्या आजीच्या हातावर मी लहानपणापासून बघितलं होतं. तिचं गोंदण काजळीचं, म्हणजे कार्बनचंच, आणि कार्बनला ऊन फारसं काही करू शकत नाही. कातडीखालून ते हिरवट-निळं दिसतं, ही प्रकाशाची करामत. आजची काळी शाईही मुळात कार्बनचीच. तिचाही कधी कधी त्रास होतो, पण लालाच्या मानानं फार कमी.

पांढऱ्याचा आणखी एक धोका आहे. गुलाबी, आकाशी, फिका जांभळा यांसारख्या रंगांत पांढरा मिसळलेला असतो. पुढे कधी टॅटू काढून टाकावासा वाटला तर लेझरखाली हा पांढरा उलट काळा पडू शकतो. लोहयुक्त तपकिरी आणि कातडीच्या रंगाच्या शायांचंही तेच. काळ्यावर १०६४ नॅनोमीटरचा लेझर चांगला चालतो, लालाला ५३२ लागतो, हिरव्या-निळ्याला ६९४ किंवा ७५५. पिवळा तर बहुतेकांना दाद देत नाही. जितके रंग, तितकी यंत्रं आणि तितका खर्च.

जागेचाही विचार करा. बोटं आणि तळहात यांवर कातडी सतत झिजते, तिथे रंग लवकर पुसट होतो. दुचाकी चालवणाऱ्यांच्या हाताची बाहेरची बाजू रोज उन्हात भाजते. रंग हवाच असेल तर दंडाच्या आतल्या बाजूला घ्या. जखम पूर्ण भरल्यावर किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि स्कूटरवर बाह्या, हे कायमचं. ढोलपथकाचा सराव किंवा पोहण्याचा क्लास सुरू असेल तर टॅटू पुढे ढकला. ताज्या जखमेला घाम, घासणं आणि तलावाचं पाणी चालत नाही.

डिझाइन ठरवताना मी आता भाचरांना एकच कसोटी सांगते. रंगीत भाग उद्या काढावा लागला तर उरलेलं चित्र पूर्ण वाटेल का? वाटत नसेल तर डिझाइन बदला. आधी नुसत्या काळ्यात काढा आणि काही महिने जाऊ द्या. मग वाटलंच तर दुसऱ्या बैठकीला रंग भरा. कलाकार कुरकुर करेल, एकाच दिवशी उरकू म्हणेल, ऐकू नका. लाल हवाच असेल तर तो चित्राच्या एका कोपऱ्यात, वेगळा ठेवा. टाके घालून मिटवता येईल एवढीच जागा लालाला द्या.

आणि इतकं करूनही एखादा रंग हाताला उंच लागायला लागला, तर स्टुडिओत किंवा लेझरच्या दुकानात न जाता थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, लेबलांचे फोटो घेऊन.