पुरःस्थ ग्रंथी आणि बिनटाक्याची शस्त्रक्रिया

साठी उलटलेला माणूस रात्री चार-चार वेळा उठू लागला की घरातले म्हणतात, "वय झालं आता." तोही तेच म्हणतो. लघवीची तक्रार सुनेसमोर काढायची कशी? माझ्या आजोबांनी ती दोन वर्षे लपवली. एका रात्री लघवी पूर्ण तुंबली, तेव्हा नळी घालण्यासाठी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी या विषयाकडे वळला तो त्यामुळे.

पुरःस्थ ग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅमची असते. उतारवयात ती वाढते आणि मधला मार्ग दाबते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण दोन्ही एकाच ग्रंथीत असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. पुष्कळांचे गोळ्यांवर भागते.

ज्यांचे भागत नाही त्यांची ग्रंथी पूर्वी पोटावर चीर देऊन काढीत. न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ साली रिसेक्टोस्कोप पुढे आणला. मूत्रमार्गातूनच आत जाणाऱ्या या दुर्बिणीला विजेवर चालणारे तारेचे वेटोळे असते. शहाळ्यातली मलई खरवडावी आणि करवंटी राहू द्यावी, तसा ग्रंथीचा आतला भाग काढतात. बाहेर एकही टाका नाही. हीच 'टीयूआरपी'. तिच्यात आत सोडलेले ग्लायसीनचे पाणी रक्तात फार शिरले तर सोडियम उतरते व रोगी बरळू लागतो. बायपोलर उपकरणात सलाइन चालत असल्याने हा धोका टळतो.

न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९०च्या दशकात होल्मियम लेसरने आतला गर अखंड सोलून काढण्याची रीत रूढ केली. फार मोठ्या ग्रंथीलाही ती चालते. यंत्र मात्र महाग, आणि त्याचा घसारा शेवटी रोग्याच्या बिलातच येतो! अमेरिकेत २०१३ मध्ये 'यूरोलिफ्ट'ला आणि २०१५ मध्ये 'रेझूम'ला मान्यता मिळाली. पहिल्यात बारीक टाचण्यांनी ग्रंथीचे पाळे बाजूला ओढून धरतात, दुसऱ्यात ९ सेकंद वाफ सोडतात. वाफेचा गुण यायला काही आठवडे लागतात.

टीयूआरपीनंतर वीर्य बहुधा उलटे मूत्राशयात जाते. अपाय नाही, पण हे आधी सांगायला हवे. आमच्याकडे डॉक्टरांनी सांगितले नाही, आणि आजोबांनी विचारले नाही.

त्यांची नळी तिसऱ्या दिवशी निघाली. धार मात्र अजून बारीकच आहे. दोन वर्षे जोर लावून मूत्राशयाचा स्नायू थकला, असे डॉक्टर म्हणाले.