तोंडीलावणे आणि महाभक्षी : प्रतिकारशास्त्राच्या परिभाषेतील दोन रूपके

शास्त्रीय परिभाषा रूपकमुक्त असते, असा समज रूढ आहे. प्रतिकारशास्त्राचा इतिहास पाहता तो टिकत नाही. शरीराच्या संरक्षणाची चर्चा बहुधा युद्धाच्या भाषेत होते. ‘प्रतिपिंड’ या मराठी संज्ञेतील ‘प्रति’ हा उपसर्गही विरोधच सुचवितो. परंतु या शास्त्राच्या मुळाशी दुसरेही एक रूपक आहे, ते भोजनाचे.

इल्या मेच्निकोव्ह यांनी १८८२ मध्ये मेसीना येथे तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसले, तेव्हा चल कोशिका काट्यांभोवती गोळा झालेल्या दिसल्या. या कोशिकांना ग्रीक शब्दांवरून ‘भक्षक’ अशा अर्थाचे नाव मिळाले. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी रक्तरसातील प्रतिविषाचे कार्य दाखविले, आणि संरक्षण कोशिका करतात की रक्तरस, असा वाद उभा राहिला.

या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. मेच्निकोव्ह यांचे ओडेसातील विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे एक सदस्य होते आल्मरॉथ राइट. याच राइट यांनी डग्लस यांच्यासह १९०३ मध्ये असे दाखविले, की रक्तरसातील काही द्रव्ये जंतूंना लागली म्हणजे भक्षक कोशिका ते अधिक सहज गिळतात. या द्रव्यांना त्यांनी ‘ऑप्सोनिन’ म्हटले. ग्रीक ‘ऑप्सॉन’ म्हणजे भाकरीबरोबर खावयाचे तोंडीलावणे. बर्नार्ड शॉ यांच्या १९०६ च्या नाटकात त्याचे लोणी झाले. मराठीतील ‘तोंडीलावणे’ मात्र मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेच्निकोव्ह व एर्लिख यांना विभागून मिळाले. वादाचे दोन्ही पक्ष एकमेकांस पूरक होते.

आजचे ज्ञान हेच सांगते. प्रतिपिंडाचे दोन बाहू जंतूला धरतात, देठ मोकळा राहतो. मोनोसाइट व महाभक्षी कोशिकांच्या पृष्ठभागावर त्या देठाचे ग्राही असतात. मोनोसाइट अस्थिमज्जेत जन्मतात, थोडे दिवस रक्तात फिरतात व ऊतकांत शिरून महाभक्षी होऊ शकतात. ऊतकांतील अनेक महाभक्षींचे मूळ मात्र भ्रूणावस्थेतच असते.

युद्धाचे रूपक अपुरे पडते ते डेंग्यूत. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध घडलेले प्रतिपिंड दुसऱ्याला चिकटतात, पण त्याला निष्प्रभ करतीलच असे नाही. मग तोच देठ विषाणूला मोनोसाइट व महाभक्षींच्या आत नेतो आणि तेथे त्याची वाढ होते. स्कॉट हॉलस्टेड यांनी १९७०च्या दशकात ही प्रक्रिया पुढे मांडली. डेंग्यूची लस देताना पूर्वसंसर्गाचा विचार करावा लागतो, त्याचे एक कारण हेच.

‘प्रति’ म्हणजे केवळ विरोध मानल्यास ही घटना विश्वासघातासारखी भासते. भोजनाच्या रूपकात ती सहज उलगडते : तोंडीलावणे घास रुचकर करते, घासात काय आहे, हे ते पाहत नाही. भारतीय भाषांत परिभाषा घडविताना शब्दाचा कोश-अर्थ जुळणे म्हणूनच पुरेसे नाही. त्याचे रूपक वाचकाला कोठे नेते, हेही तपासले पाहिजे.