व्हॅनचे सरकते दार : पाच बंधने, एक मोकळीक

शाळेच्या जुन्या व्हॅनचे दार पहिल्या खेपेला लागत नाही, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. व्हॅनवाले काका दार जोराने ओढतात, 'धाड्' असा आवाज होतो, पण दार थोडे बाहेरच राहते. मग ते मागे नेऊन आणखी जोराने ओढायचे! नवेपणी सहज सरकणारे हे दार काही वर्षांनी असे हट्टी का बरे होते?

आपल्याकडे सरकत्या दाराची गाडी घरोघरी ओळखीची केली ती मारुती व्हॅनने. ती १९८४ साली आली, पुढे 'ओम्नी' या नावाने धावली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. अशा जुन्या गाड्यांची दारे नीट बसवणे हे कारागिराचे काम खरे. पण त्यामागचे शास्त्र तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

वस्तू किती प्रकारे हलू शकते?

टेबलावर एक पुस्तक उभे धरा. ते पुढे-मागे, आत-बाहेर आणि वर-खाली सरकू शकते. हे झाले तीन प्रकार. शिवाय या तीनही दिशांभोवती ते फिरू शकते. पुस्तकाचे पुढचे टोक खाली झुकेल, वरची कड बाहेर कलेल किंवा एक उभी कड आत आणि दुसरी बाहेर वळेल. म्हणजे एकूण सहा प्रकारच्या हालचाली. कोणत्याही ताठ वस्तूला या सहाच हालचाली शक्य असतात.

सरकत्या दाराला यांपैकी फक्त एक हालचाल हवी आहे, ती म्हणजे पुढे-मागे सरकण्याची. उरलेल्या पाच बंद केल्या पाहिजेत. त्या कोण बंद करतो?

बहुतेक व्हॅनमध्ये दाराला तीन जागी रोलर असतात. एक खाली पुढच्या कोपऱ्यात, दुसरा मागच्या कडेला मध्यावर आणि तिसरा वर पुढच्या बाजूला. प्रत्येकाचा रूळ वेगळा. खालचा आणि मधला रोलर दाराचे वजन पेलतात आणि दार आत-बाहेर हलू देत नाहीत, म्हणजे प्रत्येकी दोन बंधने. वरचा रोलर वजन पेलत नाही, तो दाराची वरची कड फक्त बाहेर कलू देत नाही. ते एक बंधन. बेरीज करा : दोन, दोन आणि एक मिळून पाच. सहातून पाच गेले, उरली एकच मोकळीक!

दार बंद झाल्यावर ही शेवटची मोकळीकही काढून घ्यायची असते. ते काम लॉकचे. दाराच्या मागच्या कडेवरचा लॉकचा जबडा गाडीच्या चौकटीवरच्या लोखंडी खुंटीला पकडतो. लॉकने दार धरून ठेवायचे, उचलून धरायचे नाही, हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट याच वाक्यात आहे.

दार खाली का येते?

समजा, दाराचे वस्तुमान २० किलोग्रॅम आहे, वजन पेलणाऱ्या दोन रोलरमधले अंतर ८० सेंटीमीटर आहे आणि दाराचा गुरुत्वमध्य बरोबर मधोमध आहे. मग प्रत्येक रोलरवर १० किलोग्रॅमचा, म्हणजे सुमारे ९८ न्यूटन भार येईल. आता ३० किलोग्रॅम वजनाचा एखादा मुलगा उघड्या दाराच्या पुढच्या कडेला लोंबकळत गाडीत चढला, तर त्याचे जवळजवळ सगळे वजन खालच्या पुढच्या रोलरवर पडेल. तेथला भार १० वरून एकदम ४० किलोग्रॅम होईल, म्हणजे चौपट!

त्यात खालच्या रुळात चिखल आणि खडी साचते. रोलर फिरेनासा होतो आणि घासत जातो. घसरण्याचे घर्षण हे गडगडण्याच्या घर्षणापेक्षा पुष्कळ जास्त असते. म्हणून रोलर एका बाजूने झिजून चपटा होतो आणि दार तेवढे खाली येते.

फट मोजून दोष ओळखा

दोन-तीन मिलिमीटरची घसरण डोळ्यांना दिसत नाही. पण दाराची पुढची कड आणि चौकट यांच्यामधली फट पाहिली, तर ती कळते. समजा, मागचा आधार ३ मिलिमीटर खाली आला. दार पुढच्या रोलरभोवती किंचित फिरेल आणि त्याचा वरचा भाग मागे झुकेल. त्यामुळे पुढची फट वर रुंद आणि खाली अरुंद होईल. फरक किती? ८०० मिलिमीटर अंतरात ३ मिलिमीटर, तर १००० मिलिमीटर उंचीत ३.७५ मिलिमीटर. हे साधे त्रैराशिक आहे. उलट फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर पुढचा रोलर बसलेला आहे असे समजावे.

दुसरी परीक्षा आणखी सोपी आहे. दार बंद असताना हळूच लॉक सोडवा आणि मागच्या कडेकडे नीट पाहा. लॉक सुटताच कड खाली उतरली, तर इतका वेळ खुंटी दार उचलून धरत होती. कड वर उसळली, तर खुंटी दाराला खाली दाबत होती. दोन्ही वेळा लॉक आपले नसलेले काम करत होते.

जोर लावून काय होते?

दार दुप्पट वेगाने आदळले, तर त्याची गतिज ऊर्जा चौपट होते. ही ऊर्जा खुंटी, जबडा आणि रोलर यांनाच सोसावी लागते. दार चार दिवस लागते, पण झीज वाढते आणि पुन्हा जास्त जोर लागतो.

यात धोकाही आहे. लॉकच्या जबड्याला बहुधा दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यावर अडकलेले दार लागल्यासारखे वाटते, पण पुरते लागलेले नसते. त्याचा पत्रा बाजूच्या पत्र्यापेक्षा थोडा बाहेर दिसतो. अशी पकड सुटली आणि गाडी एकदम पुढे निघाली, तर जडत्वामुळे दार मागे राहू पाहते. मागे राहणे म्हणजेच उघडणे! म्हणून दार आणि शेजारचा पत्रा एका पातळीत आल्याशिवाय गाडी सुटू देऊ नये. तसे दिसले नाही, तर काकांना सांगायला संकोच करू नका.

दुरुस्तीचा क्रम

चांगला कारागीर प्रथम रूळ साफ करतो आणि रोलर फिरतात का, ते पाहतो. झिजलेला रोलर बदलतो, कारण झिजलेल्या रोलरवर दार जुळवण्यात अर्थ नसतो. मग तो खुंटी काढून ठेवतो. ती जागेवर असेल, तर दार स्वतःच्या आधारांवर कसे उभे राहते, हे कळणारच नाही.

नंतर दाराखाली लाकडी ठोकळा देऊन तो भार पेलतो. रोलरच्या पट्ट्यांना बोल्टसाठी लांबट भोके असतात. मूळ जागेवर खूण करून तो बोल्ट किंचित सैल करतो आणि पट्टी थोडी हलवून पुन्हा आवळतो. आधी वर-खाली, मग आत-बाहेर, असा त्याचा क्रम असतो. एका वेळी एकच आधार हलवायचा आणि दार लावून पाहायचे. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच राशी बदलतो, तोच हा नियम. दोन आधार एकदम हलवले, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

खुंटीची पाळी सर्वांत शेवटी. लॉक लागताना दार वर-खाली न होता सरळ आत जाईल, अशा जागी ती बसवायची. घाईचा माणूस मात्र हीच खुंटी पहिल्यांदा खाली सरकवतो. दार लागते खरे, पण मूळ दोष तसाच राहतो.

हे काम तुम्ही एकट्याने करू नका. दार जड असते आणि बोटे सापडू शकतात. निरीक्षण मात्र जरूर करा.

करून पाहा

१. वहीच्या १०० कागदांची जाडी पट्टीने मोजा आणि एका कागदाची जाडी काढा. आता दार बंद असलेल्या, उभ्या गाडीच्या दाराच्या पुढच्या फटीत वर किती कागद मावतात आणि खाली किती, ते मोठ्यांच्या मदतीने मोजा. कोणता आधार खाली बसला आहे?

२. घरातल्या बिजागरीच्या दाराला कोणती एक मोकळीक असते? ते खाली घासू लागले, तर दोष वरच्या बिजागरीत शोधाल की खालच्या?