वल्हांडण सण आणि कोकणातील बेने इस्रायल

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी मिस्सामध्ये पहिले वाचन निर्गमाच्या पुस्तकातून असते. कोकरू कसे निवडावे, ते कधी कापावे, त्याचे रक्त दाराला कुठे लावावे, मांस कसे भाजावे, हे सगळे त्यात बारकाईने सांगितले आहे. आपण ते दरवर्षी ऐकतो. पण त्या संध्याकाळी मुलांचे डोळे पाय धुण्याच्या विधीकडे लागलेले असतात आणि मोठ्यांचे मन शेवटच्या भोजनाकडे, त्यामुळे हे वाचन बहुधा कानावरून जाते. म्हणून त्यातील सणाविषयी आज थोडे विस्ताराने लिहीत आहोत. हा सण आजही पाळला जातो, आणि आपल्याच महाराष्ट्रात, मराठी बोलणाऱ्या घरांत तो कित्येक शतके पाळला गेला आहे.

आधी नावाविषयी. 'वलांडणे' म्हणजे ओलांडणे. त्यावरून मराठी बायबलमध्ये 'वल्हांडण' हा शब्द आला. हिब्रू भाषेत त्याला 'पेसाह' म्हणतात आणि ग्रीक भाषेत 'पास्खा'. आपण पास्खा मेणबत्ती म्हणतो ती याच शब्दातली. मिसर देशातील प्रथम जन्मलेल्यांवर मरण आले त्या रात्री ज्या दारांवर कोकराचे रक्त होते ती दारे परमेश्वराने ओलांडली, असा त्याचा अर्थ.

इस्रायली लोक मिसरात विटा पाडत होते. फारोने काम वाढवले तेव्हा विटांसाठी लागणारा पेंढा देणे बंद केले, पण रोजच्या विटांचा आकडा मात्र तोच ठेवला (निर्गम ५). वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात काम केलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो जोडपी उचल घेऊन ऊसतोडीला जातात. गाडी दारात उभी राहिली, मुकादमाने हाक मारली, की अर्धे आवरलेले, अर्धे तसेच बांधून निघावे लागते. निर्गमात नेमके तसेच लिहिले आहे: पीठ फुगण्याची वाट पाहायला वेळ नव्हता, म्हणून मळलेले पीठ काथवटीसकट कपड्यात बांधून लोकांनी खांद्यावर घेतले (निर्गम १२:३४). फरक एवढाच, की ते कामावर जायला नव्हे, कामातून सुटायला निघाले होते. कंबर कसलेली, पायात जोडे, हातात काठी अशा स्थितीत जेवण्याची आज्ञा याच घाईतून आली आहे. बेखमीर भाकर ही त्या घाईची भाकर.

आपल्याला ज्वारीची भाकरी रोजचीच, आणि ती बेखमीरच असते, त्यामुळे त्यात विशेष काय असे वाटेल. पण जिथे रोजची भाकर आंबवून फुगवलेली असते तिथे फुगलेले सगळे घराबाहेर काढणे ही मोठी गोष्ट असते. सणाच्या आदल्या रात्री यहुदी कुटुंबात दिवा घेऊन कोपरान् कोपरा शोधतात आणि सापडलेले खमिराचे कण दुसऱ्या दिवशी सकाळी जाळून टाकतात. सणाची भाकर, म्हणजे 'मत्सा', करताना पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजून निघाली पाहिजे असा नियम आहे. जरा उशीर झाला तर पीठ आंबायला लागले असे समजतात.

सणाची तिथी निसान महिन्याच्या पौर्णिमेला येते. यहुदी पंचांग आपल्या पंचांगासारखेच चंद्रावर चालते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना घेते. त्यामुळे हा सण बऱ्याचदा आपल्या चैत्री पौर्णिमेला येतो. सन २०२५ मध्ये १२ एप्रिलला गावोगावी हनुमान जयंती झाली. त्याच संध्याकाळी जगभरच्या यहुदी घरांत वल्हांडणाचे ताट मांडले गेले. आपला पुनरुत्थानाचा सण दरवर्षी तारीख का बदलतो, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे मूळही याच पौर्णिमेत आहे.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले. कोकराचा बळी मंदिरातच द्यायचा असल्यामुळे तो थांबला. सण मात्र थांबला नाही. तो वेदीवरून घरच्या ताटावर आला. या रात्रीच्या भोजनाला 'सेदेर' म्हणतात, म्हणजे क्रम. मत्सा, कडू भाजी, मिठाच्या पाण्यात बुडवायचा हिरवा पाला, विटांच्या चिखलाची आठवण म्हणून फळे आणि सुका मेवा यांचे कालवण, कोकराची आठवण म्हणून एक हाड, असे सारे ठरलेले असते. मिठाचे पाणी म्हणजे अश्रू. द्राक्षारसाचे चार प्याले घेतात. मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावे वाचताना प्रत्येक नावाला प्याल्यातून एक एक थेंब बाहेर काढतात. आपली सुटका झाली तरी तिच्यात मिसरी लोक मेले, म्हणून आनंदाचा प्याला तेवढा उणा करायचा, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. आम्हाला या साऱ्या विधीतील ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शत्रूच्या मरणाचा हिशेब सणाच्या ताटावर ठेवणे सोपे नाही.

आणि हे सगळे सुरू होते ते घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नाने. आजची रात्र इतर रात्रींपेक्षा वेगळी का, असे त्याने विचारायचे आणि मोठ्यांनी निर्गमाची हकीकत सांगून उत्तर द्यायचे. मुले विचारतील तेव्हा काय सांगावे, हे मोशेनेच सांगून ठेवले आहे (निर्गम १२:२६-२७). ती हकीकत ज्या पुस्तकातून वाचतात त्याला 'हग्गादा' म्हणतात.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले. ती जागा आजही दाखवतात. वाचलेल्यांची पोथ्यापुस्तके समुद्रात गेली. त्यांच्यात पुढे धर्मगुरू राहिला नाही, हिब्रू भाषाही विसरली गेली. ते कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर अशी गावांवरून त्यांची आडनावे पडली. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम आणि देव एकच आहे असे सांगणारी 'शमा' ही एक हिब्रू प्रार्थना, एवढे त्यांच्यापाशी उरले. लग्न असो, सुंता असो की मयत, तीच प्रार्थना म्हटली जाई.

सणही उरले, पण त्यांची नावे मराठी झाली. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण. या शेवटच्या सणाला लोक घराची दारे लावून दिवसभर आत राहत आणि उपास करत. तो यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा मोठा दिवस होय, हे त्यांना पुढे कळले. आणि वल्हांडणाला नाव पडले 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे कालवणासाठी आंबट पातळ पदार्थ भरून ठेवलेले मातीचे मडके. ढाकणे म्हणजे झाकणे. वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवसांत, ते मडके झाकून ठेवायचे आणि आठ दिवस उघडायचे नाही.

का, ते कोणाला ठाऊक नव्हते. निर्गमाची गोष्ट सांगणारे पुस्तक नव्हते. फारो, मोशे, तांबडा समुद्र हे सर्व विस्मरणात गेले होते. तरी सासूने सुनेला सांगितले आणि सुनेने पुढे आपल्या सुनेला, की या आठ दिवसांत मडके उघडायचे नाही. आंबलेले घरात वापरू नये ही आज्ञा पुस्तकाशिवाय, अर्थाशिवाय, एका झाकणाच्या रूपाने टिकली. 'कळत नाही तर करायचे कशाला?' असा प्रश्न आजकाल आपल्या घरांतही ऐकू येतो, आणि तो वाईट प्रश्न नाही. पण कोकणातल्या त्या बायांनी मडके उघडले असते, तर पुढे अर्थ परत आला तेव्हा तो ठेवायला जागाच उरली नसती.

अर्थ हळूहळू परत आला. दावीद राहबी नावाच्या यहुद्याने या लोकांना ओळखले, अशी त्यांची परंपरा आहे. स्त्रियांनी पंख आणि खवले नसलेले मासे बाजूला काढले, त्यावरून त्याला खूण पटली म्हणतात. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी प्रार्थना शिकवल्या. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आलेले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन आणि स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि जुना करार मराठीत दिला. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण छापले. ही मंडळी ख्रिस्ती व्हावीत असा मिशनऱ्यांचा हेतू होता. झाले उलटेच: मराठी जुना करार वाचून बेने इस्रायल अधिक पक्के यहुदी झाले, ख्रिस्ती फार थोडे झाले. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणाचे ऋण मोकळ्या मनाने मानले आहे. आपण ख्रिस्ती म्हणून हे वाचताना खंत करण्याचे कारण नाही. देवाचे वचन ज्यांचे आधी होते त्यांच्या घरी ते मराठीतून परत पोहोचले.

१८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा छापली गेली आणि १८७४ साली पुण्यात दुसरी. पुण्याच्या हग्गादामधील एका चित्रात लुगडी नेसलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून सणाची मत्सा करत आहेत. मिसरातून निघालेली भाकर पुण्याच्या स्वयंपाकघरात, पोळपाट-लाटण्याशेजारी! झाकलेल्या मडक्याचे कारण आता मुलांना मराठीत सांगता येऊ लागले होते.

कोकणी वळण त्यानंतरही राहिले. सणाआधी घराला चुना द्यायचा, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायची. काही घरांत कापलेल्या जनावराच्या रक्तात हात बुडवून त्याचा ठसा कागदावर घेत आणि तो दारावर लावत. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत आणि कालवणाला खजुराचा पाक. युरोपातील अनेक यहुदी या दिवसांत भात खात नाहीत. कोकणातल्या माणसाला ते कसे जमावे? बेने इस्रायल भात खातात. सेदेरच्या रात्री सगळीकडे एलिया संदेष्ट्यासाठी एक प्याला ठेवतात. एलियावर बेने इस्रायलांचे प्रेम तर विशेषच. अलिबागजवळ खंडाळे येथे त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि नवस फेडताना ते पोहे, गूळ, खोबरे आणि फळे घालून 'मलिदा' करतात. उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी डोंगरावर प्रभूशी बोलताना आपल्याला दिसतो तो हाच एलिया.

प्रभू येशू हा सण लहानपणापासून पाळत आला. मत्तय, मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांनुसार शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन होते. भोजनानंतर स्तोत्र गाऊन ते जैतून डोंगराकडे गेले. योहान तर कोकरे कापली जात होती त्याच दिवशी प्रभूला क्रुसावर दाखवतो, आणि त्याचे एकही हाड मोडले नाही हे मुद्दाम नोंदवतो. वेदीवरची भाकर आपल्या लॅटिन विधीत बेखमीर गव्हाचीच असते ती याच रात्रीमुळे. केरळातील ख्रिस्ती घरांत पवित्र गुरुवारी रात्री बेखमीर 'पेसहा अप्पम' करतात आणि घरचा वडीलधारा प्रार्थना करून ते वाटतो. केरळातून मराठवाड्यात सेवेला आलेले धर्मगुरू किंवा धर्मभगिनी भेटल्या तर जरूर विचारा, त्या आनंदाने सांगतील.

एक अवघड गोष्ट मात्र टाळून चालणार नाही. युरोपात अनेक शतके याच पवित्र आठवड्यात यहुद्यांवर हल्ले होत, प्रभूला मारले म्हणून. शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी एक कमीपणाचा शब्द होता; तो पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ साली काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की प्रभूच्या दुःखसहनाचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुद्यांना थोरले भाऊ म्हटले. कोकणात त्या थोरल्या भावांना शेजाऱ्यांकडून असा छळ सोसावा लागला नाही, ही गोष्ट बेने इस्रायल आवर्जून सांगतात. शुभ शुक्रवारी दुःखसहनाचे शुभवर्तमान वाचताना 'यहुदी' हा शब्द येईल तेव्हा मुलांना एवढे सांगावे, की येशू, मरिया, पेत्र हे सगळे यहुदीच होते.

१९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलला गेली. तिथेही त्यांच्या घरांतून मराठी ऐकू येते. महाराष्ट्रात आता थोडीच कुटुंबे उरली आहेत. राज्य शासनाने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागमध्ये त्यांच्या आळीला आजही इस्रायल आळी म्हणतात, तिथे त्यांचे सिनेगॉग उभे आहे.

पवित्र गुरुवारी मिस्साला येण्यापूर्वी निर्गमाचा बारावा अध्याय घरी एकदा मोठ्याने वाचावा. सव्विसावे वचन घरातल्या लहानग्याला वाचायला द्यावे.