लसणाने रक्तदाब उतरतो का?

गेल्या महिन्यात वढू बुद्रुकचे एक 58 वर्षांचे शेतकरी पत्नीसह दवाखान्यात आले. सकाळी जेवताना त्यांच्या उजव्या हातातून भाकरी गळून पडली. दहा मिनिटे हात उचलेना, जीभ जड झाली. मग सारे पूर्ववत झाले. "आता काही होत नाही डॉक्टर, ही ऐकेना म्हणून आलो," असे ते म्हणाले. रक्तदाब मोजला, तो 190/110 निघाला.

"गोळी चालू आहे ना?" मी विचारले. उत्तर पत्नीने दिले. "दोन महिने झाले, सोडलीये यांनी. कुणीतरी सांगितलं, रोज अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या खा, गोळीची गरज नाही."

मी त्यांना तातडीने पुण्याला पाठवले. लकवा या वेळी हुकला, पण पुढच्या वेळी हुकेलच असे नाही. म्हणून आज लसणाविषयी.

लसणात गुण नाही असे मी म्हणणार नाही. पाकळी ठेचली की तिच्यात अ‍ॅलिसिन नावाचे गंधकयुक्त द्रव्य तयार होते. लसणाचा उग्र वास त्याचाच. अशा द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या थोड्या सैलावतात व रक्ताला वाट मोकळी होते. रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब पाहिला, तर वरचा आकडा सरासरी आठेक अंकांनी उतरलेला दिसतो. मात्र हे प्रयोग बहुधा लसणाच्या पावडरीवर किंवा अर्काच्या गोळ्यांवर, ठरावीक मात्रेत झाले. आपल्या पाकळीत औषधी अंश किती, हे कोणी मोजलेले नसते. फोडणीत लसूण लाल केला, तर त्यातला बराच अंश तयारच होत नाही.

आता साधी वजाबाकी करा. 190 मधून 8 गेले, उरले 182. एवढ्याने मेंदूची रक्तवाहिनी सुरक्षित राहत नाही.

वनस्पतीत औषध असते, हे डॉक्टरांनाही मान्य आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये आपल्या सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगभर हे औषध वापरले गेले. पण ते मात्रा ठरवून, रुग्णांचा रक्तदाब वेळोवेळी मोजून. पुढे त्याने काहींचे मन खचते, हा दोषही ध्यानात आला. औषध म्हटले की मात्रा आली आणि मोजमापही आले.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे लसूण जातो चटणीत, खर्ड्यात, लोणच्यात. या तिन्हींत मीठ सढळ हाताने पडते. मिठाने शरीरात पाणी साठते व रक्तदाब चढतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, एवढेच मीठ सांगते. या गृहस्थांच्या ताटात रोज चटणी, लोणचे आणि पापड. लसणाने उतरवायचे आणि मिठाने चढवायचे, असा तो प्रकार होता!

मग लसूण खावा की नाही? जरूर खावा, पण पुढील गोष्टी पाळून:

1. लसूण गोळीच्या जोडीला घ्यावा, गोळीच्या जागी नव्हे. "आता बरे वाटते" म्हणून गोळी सोडू नये. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही, तोच खरा धोका.
2. चटणीत मीठ निम्मे करा. लसूण, जिरे, लिंबू यांनी चव भागते.
3. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर कच्चा लसूण भरपूर खाऊ नका. शस्त्रक्रिया किंवा दात काढण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा. आम्लपित्त असणाऱ्यांनी तो अनशापोटी टाळावा.
4. गोळीचा खर्च झेपत नसेल, तर सरकारी आरोग्य केंद्रात जा. तिथे रक्तदाबाची तपासणी व औषधे मोफत मिळतात.
5. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर लगेच मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. दहा मिनिटांत बरे वाटले तरी थांबू नका.

ते शेतकरी आता नियमित गोळी घेतात. परवा रक्तदाब 136/84 भरला. भाकरीबरोबर लसणाची चटणी आजही असते, फक्त मीठ त्यांची पत्नी घालते, बेताने.