काठाजवळची नाव (गीता २.६७)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ६७ वा. भावार्थ असा: विषयांत फिरणाऱ्या इंद्रियांपैकी ज्या एकाच्या मागे मन लागतं, ते एकटंच बुद्धीला ओढून नेतं, जसा वारा पाण्यातल्या नावेला नेतो. सगळी इंद्रियं बिघडायची गरज नाही. एक पुरतं.

माझं आजोळ पोलादपूर. गेल्या शुक्रवारी सुट्टी टाकून तिकडे गेलो होतो. मामाने दासगावला ओळखीच्या नावाड्याची होडी ठरवून दिली. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटजवळ समुद्राला मिळते. दासगावला ती खाडीच झालेली असते, भरती-ओहोटीवर चालणारी. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रहासाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीनेच दासगावला आले होते, हे मुलाला सांगितलं. त्याचं लक्ष मात्र चिखलात ऊन खात पडलेल्या मगरींकडे! मध्ये कुठेतरी मोबाईलची रेंज गेली आणि दोन तास मन खरंच शांत होतं.

आता खरं सांगतो. दीड-दोन वर्षांपूर्वी फ्युचर्स-ऑप्शन्सच्या नादात मी घराच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले पैसे घालवले. बायकोला शब्द दिला, ॲप काढून टाकलं. अकरा महिने झाले होते. त्या दिवशी होडीत बसल्या बसल्या मनात आलंसुद्धा, ‘सुटलो बुवा एकदाचा.’

परत येताना ओहोटी लागली होती. काठ पंधरा-वीस फुटांवर. रेंज आली, फोन वाजला. एका जुन्या ग्रुपवर कुणीतरी टीप टाकली होती. बाजार बंद व्हायला अर्धा तास होता. ‘नुसता भाव बघू’ म्हणून नीट रेंज मिळावी यासाठी मी उभा राहिलो, ब्राउझरमधून लॉगिन करायला लागलो. होडी एका अंगाला कलली, मुलगा किंचाळला.

नावाडी ओरडला, “दादा, खाली बसा! काठ लागला नाय अजून.”

बसलो. बायकोने स्क्रीन पाहिली होती. ती काहीच बोलली नाही.

रात्री ज्ञानेश्वरी उघडली. गीतेत नाव नुसती पाण्यात आहे. माउली तिला काठाजवळ आणतात. नाव थडीला लागत असतानाच वादळात सापडली, तर टळलेलं संकट पुन्हा पुढे उभं राहतं. पुढे म्हणतात, पोहोचलेल्या माणसानेही इंद्रियांचे गमतीने जरी लाड केले, तरी संसाराचं दुःख त्याला घेरतं. तो ‘गमतीने’ मला लागला. माझं ‘नुसता भाव बघू’ म्हणजे दुसरं काय होतं?

अकरा महिने मी वाऱ्यावर मात केली असं समजत होतो. खरं तर रेंज नव्हती, म्हणजे वाराच नव्हता. खातं मात्र चालू ठेवलं होतं, ग्रुपही सोडला नव्हता.

त्याच रात्री बायकोपाशी सगळं बोललो. ग्रुप सोडला, खातं बंद करायचा अर्ज तिच्यासमोर भरला. तिचा विश्वास परत यायला वेळ लागेल, आणि ते बरोबरच आहे.

आजचा अभ्यास: आपण जे ‘सोडलंय’ म्हणतो, त्याचं एखादं दार उघडं ठेवलंय का, ते पाहा. असेल तर आजच लावा, आणि घरातल्या एका माणसाला सांगून लावा.

राम कृष्ण हरी. उद्या ६८ वा श्लोक.