फेफऱ्याचें लेकरूं आणि त्याचें घर

पाठाचा शास्त्रभाग: मार्क ९:१४–२९. जोडीस वाचावें: मत्तय ४:२४ व १७:१४–२०, लूक ९:३७–४३.

हा शास्त्रभाग आपल्या मंडळ्यांतून बहुधा विश्वासावरील धडा म्हणून शिकविला जातो. शिष्यांना तें भूत कां काढतां आलें नाहीं, हा प्रश्न उपदेशक फळ्यावर लिहितो, आणि तास त्यांतच संपतो. या खेपेस उपदेशकांनीं व शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं त्या मुलाच्या बापाजवळ थोडें थांबावें, अशी नम्र विनंति आहे. असें लेकरूं असलेलें घर आपल्या पुष्कळ गांवांत असतें. त्या घरचीं माणसें उपासनेस येत नाहींत, म्हणून तें आपल्या ध्यानांत येत नाहीं इतकेंच.

कथा सर्वांस ठाऊक आहे. प्रभु तिघां शिष्यांसह पर्वतावरून उतरतो, तों खालीं लोकसमुदाय जमलेला आणि शास्त्र्यांचा व उरलेल्या शिष्यांचा वाद जुंपलेला. वाद कोणत्या मुद्द्यावर होता हें मार्क लिहीत नाहीं. लेकरूं बाजूस राहून वाद चालला होता एवढें मात्र दिसतें. मग बाप पुढें होतो. मुलगा जमिनीवर आपटतो, तोंडास फेंस येतो, दांत खातो, अंग ताठतें, असें तो एकेक सांगतो. ज्यानें हें शंभरदां पाहिलें त्यालाच असें सांगतां येतें. लूक आणखी एक गोष्ट लिहितो, ती ही कीं हा त्याचा एकुलता एक मुलगा होता. आणि मुलगा सर्वांसमोर धुळींत तडफडत असतां, प्रभु प्रथम बापाकडे चौकशी करतो कीं हें त्याला किती काळापासून होत आहे. दवाखान्यांत डॉक्टरहि प्रथम हेंच विचारतात. सर्वज्ञ प्रभूनें हें कां विचारावें, यावर भाष्यकारांनीं पुष्कळ लिहिलें आहे. प्रस्तुत लेखकास वाटतें, बापाला तें कोणापाशीं तरी सांगावयाचें होतें, आणि तोंवर त्याला कोणीं विचारलें नव्हतें.

बापाच्या उत्तरांत लहानपण येतें, आणि लगेच अग्नि व पाणी येतात. या दोन शब्दांवरून शहरांतला वाचक पुढें जातो; खेड्यांतल्या आईला तेथें थांबावेंच लागतें. चुलीपुढें भाकरी थापतांना मुलगी पुढें कोसळली, तर आधीं हात निखाऱ्यांत जातो. ओढ्याच्या डोहाची गोष्ट राहोच, परंतु वीतभर पाण्यांत तोंड खालीं होऊन पडली तरी श्वास कोंडतो. म्हणून अशा घरीं चूल ओट्यावर उचलून घ्यावी, किंवा चुलीभोवतीं मातीचा कठडा घालावा. अंघोळ बादली-तांब्यानें घालावी, आणि न्हाणीच्या दाराला आंतून कडी नसावी. खाटेऐवजीं जमिनीवर अंथरूण घालावें. विहिरीवर एकटीला पाठवूं नये, माळ्यावर चढूं देऊं नये. कोणी म्हणेल, हें तर सर्वांस कळतें. कळतें खरें; पण ज्या घरीं आईबाप दोघेंहि रोजंदारीस जातात, तेथें चुलीपाशीं बसावयाचें कोणीं?

येथें उपदेशकांस एक प्रश्न विचारला जाईल, व त्याला त्यांनीं बगल देऊं नये. शास्त्र आत्मा म्हणतें, डॉक्टर रोग म्हणतात, खरें काय? मत्तय याच मुलाविषयीं जो ग्रीक शब्द वापरतो, तो चंद्रावरून आलेला आहे. चंद्राची बाधा झालेला असा त्याचा मूळ अर्थ. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेस फेफरें जोर करतें असें म्हणतात, त्यांतलाच तो जुना समज. परंतु हाच मत्तय चौथ्या अध्यायांत प्रभूकडे आणलेल्या दुखणाइतांची यादी देतो, तेव्हां भूतग्रस्त निराळे, फेफरेकरी निराळे व पक्षघाती निराळे असे लिहितो. तेव्हां ज्याला फेफरें येतें त्या प्रत्येकाला भूत लागलें आहे, असें शुभवर्तमान शिकवीत नाहीं, हें निश्चित. मार्काच्या कथेंतील त्या एका मुलाविषयीं शास्त्र जें सांगतें तें आपण तसेंच मानावें. पण तें उचलून आपल्या आळींतल्या मुलीवर लादण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

अपस्मार हा मेंदूचा विकार आहे. मेंदूंतल्या पेशी सूक्ष्म विजेच्या संकेतांनीं एकमेकींशीं बोलतात. तें बोलणें एकाएकीं बेबंद झालें म्हणजे झटका येतो. कोणाला तो जन्मतांना श्वास कोंडल्यामुळें, कोणाला मेंदूज्वरामुळें, कोणाला डोक्यास मार बसल्यामुळें, तर कोणाला उपजत दोषामुळें होतो. आपल्या देशांत डुक्कर-पट्टकृमीचीं अंडीं न धुतलेल्या हातांतून व भाजींतून पोटांत जातात आणि मेंदूंत गांठी होतात, हेंहि एक मोठें कारण आहे, आणि तें डुकराचें मांस कधीं न खाणारासहि लागूं पडतें. फेफरें स्पर्शानें किंवा फेंस अंगास लागल्यानें दुसऱ्यास होत नाहीं.

प्रस्तुत लेखकाच्या घरीं अशी एक मुलगी आहे. ती आतां १९ वर्षांची आहे. जन्मतांच ती रडली नाहीं; सातव्या महिन्यांत पहिली आकडी आली. बोलणें तिला आलें नाहीं. चालूं लागली ती पांचव्या वर्षीं, आणि चालूं लागली तशी पडूं लागली. तिच्या आईनें जुन्या गोधडीचे तुकडे भरून तिला जाड टोपी शिवली. अशा टोप्या आजवर किती झाल्या याची गणति नाहीं. कांहीं झटके असे कीं मान क्षणभर खालीं जाते व घास पडतो. कांहीं असे कीं उभी मुलगी तोडलेल्या झाडाप्रमाणें कोसळते. रात्रीचे आणखी निराळे. तिची आई तिच्या पाठीवर हात ठेवून निजते, म्हणजे अंग ताठलें कीं हाताला आधीं कळावें. या १९ वर्षांत आम्ही दोघें मिळून कोणाच्या लग्नास गेलों नाहीं, मातीसहि नाहीं. ती हंसते, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. पेटीचा सूर कानीं आला कीं ती त्या दिशेस मान वळविते व मोठ्यानें हंसते, आणि त्या वेळीं घरांत कोणी रागावलेलें असलें तरी राग राहत नाहीं.

तिच्या नवव्या वर्षीं गांवांत सभा झाल्या. एका प्रवासी उपदेशकानें तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, व आम्हांस बजावलें कीं, आतां गोळ्या देणें म्हणजे देवावर अविश्वास दाखविणें होय. आम्हीं गोळ्या बंद केल्या. हें लिहितांना लाज वाटते. पण वाचकांपैकीं कोणी आज तेंच करण्याच्या विचारांत असेल, म्हणून लिहिणें भाग आहे. तिसऱ्या दिवशीं पहाटे झटका सुरू झाला तो थांबेना. एक पुरता संपण्यापूर्वीं दुसरा येई. दवाखान्यांत शिरेंतून औषध देऊन तो थांबला, तेव्हां ऊन बरेंच वर आलें होतें. त्यापूर्वीं ती भाकरीचा तुकडा आपल्या हातानें तोंडांत घालीत असे. तें तिला पुन्हां कधीं जमलें नाहीं. उपदेशकानें मागाहून निरोप धाडला कीं, आमचा विश्वास कमी पडला.

आतां शास्त्रभाग पुन्हां उघडावा. प्रभूचे कठोर शब्द त्या अविश्वासी पिढीला उद्देशून आहेत, आणि घरांत गेल्यावरचा उलगडा शिष्यांसाठीं आहे. बापानें तर एकाच श्वासांत आपला विश्वास कबूल केला व आपला अविश्वासहि कबूल केला. त्याला प्रभूनें परत धाडलें नाहीं, त्याचा विश्वास तोलूनहि पाहिला नाहीं. फेफऱ्याच्या गोळ्या एकाएकीं बंद केल्यास पूर्वीपेक्षां भयंकर व न थांबणारे झटके येऊं शकतात. औषध कमी करणें असेल तर तें डॉक्टरनेंच हळूहळू करावयाचें असतें. गोळी हातीं घेऊन प्रार्थना करणारी आई अविश्वासी आहे, असें या अध्यायांतून कोणीं काढून दाखवावें!

उपवासाविषयींहि दोन शब्द. २९ व्या वचनांत प्रार्थनेबरोबर उपवास हा शब्द कांहीं प्रतींत आहे, अति प्राचीन प्रतींत नाहीं. त्या एका शब्दावरून आजारी मुलांना उपाशी ठेवण्याचे प्रकार घडतात. उपासमार व जागरण यांनीं कित्येकांचे झटके वाढतात. तुपा-तेलाचा अंश पुष्कळ व भाकरी-भाताचा फार थोडा, असा एक आहार १९२१ पासून कांहीं हट्टी अपस्मारांत उपयोगीं पडत आला आहे. परंतु तो डॉक्टरच्या देखरेखीखालीं वजन करून द्यावयाचा असतो, घरच्या घरीं नव्हे.

औषधांचा इतिहास फार जुना नाहीं. फेनोबार्बिटोनचा गुण १९१२ मध्यें कळला, फेनिटोईनचा १९३८ मध्यें. पुढें आणखी पुष्कळ निघालीं. आमच्या मुलीच्या कागदावर रोगाचें जें नांव आहे, त्यांतला पहिला अर्धा भाग लेनॉक्स या अमेरिकन डॉक्टरचा आहे. ते तरुणपणीं, १९१७ ते १९२१ या काळांत, चीन देशांत पेकिंग येथें वैद्यकीय मिशनकार्यांत होते. तेथील एका मिशनरी स्नेह्याच्या लहान मुलीला फेफरें येऊं लागलें. तिच्यावरून त्यांचें लक्ष या रोगाकडे वळलें, व उरलेलें सारें आयुष्य त्यांनीं त्यालाच दिलें. आज जगांत सुमारें ५ कोटि लोकांस हा विकार आहे, आणि योग्य औषध नियमानें मिळालें तर शंभरांतील सत्तर जण झटक्यांवांचून राहूं शकतात. मंडळींत हा आंकडा अवश्य सांगावा, कारण त्या सत्तरांतले कित्येक अजून ताईत व अंगारे यांवरच आहेत. आमची मुलगी उरलेल्या तिसांत आहे. चार औषधें झालीं. झटके कमी झाले, गेले नाहींत.

झटका आला असतां काय करावें, हें शिक्षकांनीं वर्गांत एखाद्या मुलास निजवून प्रत्यक्ष दाखवावें. घड्याळ पाहावें. आसपासचीं भांडीं, दगड व विस्तव दूर करावा, डोक्याखालीं कांहीं मऊ घालावें, गळ्याजवळचें वस्त्र सैल करावें, आणि शक्य होतांच कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाईल. हातपाय दाबून धरूं नयेत. दांतांत चमचा किंवा बोट घालूं नये. पूर्ण शुद्धि येईपर्यंत पाणी पाजूं नये. कांदा, वहाण व लोखंडी किल्ली यांनीं झटका थांबत नाहीं. तो आपला आपणच थांबतो, व श्रेय किल्लीला मिळतें. पांच मिनिटांत थांबला नाहीं, किंवा शुद्धि येण्यापूर्वीं दुसरा आला, तर १०८ वर दूरध्वनि करून गाडी बोलवावी. अशा वेळीं नाकांत फवारण्याचें एक औषध मिळतें. तें घरीं ठेवावें काय, हें आपल्या डॉक्टरांस विचारावें.

लग्न करून दिलें कीं फेफरें जातें, हा समज ख्रिस्ती घरांतहि आहे. तो खोटा आहे, आणि ज्या मुलीला होकार म्हणजे काय हेंच समजत नाहीं तिच्या बाबतींत तो क्रूर आहे. ज्या स्त्रीची समज शाबूत आहे व जिचा रोग औषधानें आवरला आहे, तिची गोष्ट वेगळी. तिनें लग्न करण्यास हरकत नाहीं, मात्र रोग लपवूं नये, आणि कोणतीं औषधें चालूं ठेवावीं हें गरोदरपणापूर्वींच डॉक्टरांस विचारावें. हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराचा अडसर १९९९ मध्यें काढून टाकण्यांत आला. आमच्या धाकट्या मुलीस स्थळें येतात व परत जातात. ती आम्हांस कांहीं बोलत नाहीं.

आमच्यामागें हिचें काय, हा विचार अशा घरीं रोज रात्रीं होतो. मुलीस १८ वर्षें पुरीं झालीं म्हणजे कायद्यानें आईबाप तिचे पालक राहत नाहींत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणें मतिमंद व बहुविकलांग व्यक्तींसाठीं जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो. त्याच न्यासाची निरामय नांवाची आरोग्यविमा योजना आहे. त्यासाठीं अपंगत्वाचा दाखला लागतो, व तो सरकारी रुग्णालयांतून मिळतो. ज्या उपदेशकास अर्ज लिहितां येतो, त्यानें अशा घरीं जाऊन तो लिहून द्यावा. आमचा अर्ज दोनदां परत आला, कारण वयाच्या दाखल्यावर एक वेलांटी चुकली होती.

आमच्या मंडळींत एक वृद्ध बायबलबाई आहेत. दोन वर्षांपूर्वीं एके दिवशीं त्या आमच्या घरीं आल्या, दाराशीं चपला काढल्या, आणि मुलीच्या आईस म्हणाल्या, “मला सगळं नीट शिकव. कुशीवर कसं घ्यायचं, किती वेळ वाट बघायची.” दुपारभर बसून त्या शिकल्या. तेव्हांपासून प्रभुभोजनाच्या रविवारीं त्या सतरंजीवर मुलीजवळ बसतात. मनगटावर नातवाचें घड्याळ असतें. मुलीची आई सतरा वर्षांनीं मंडळींत बसली व तिनें भाकर घेतली. मागच्या महिन्यांत मीं त्यांना म्हटलें कीं, बाई, आमच्यामुळें तुमची उपासना चुकते.

“चुकते कशी, मास्तर?” त्या म्हणाल्या. “पेटी इथवर ऐकूं येते. माझ्याआधीं तुमच्या पोरीला येते.”